नहपानाचं नाक

नाण्याइतकं समंजस मॉडेल शोधून सापडणार नाही. ते हलत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही, केस विस्कटले म्हणून पुन्हा काढायला लावत नाही आणि 'यात मी जाड दिसतेय का' असंही विचारत नाही. कुणा राजाच्या टांकसाळीत एकदा पोझ दिली ती दिली. अशा मॉडेलचे फोटो काढायला कितीसा वेळ लागणार, या हिशेबाने मी नानांना होकार दिला.

नाना म्हणजे आमचे धाकटे काका. बँकेत रोखपाल होते. आयुष्यभर लोकांची नाणी मोजता मोजता त्यांना नाण्यांचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तो नाद पूर्णवेळ नोकरीला लागला. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी त्यांची हजेरी चुकत नाही. काकूंच्या मते इतक्या नेमाने ते बँकेतसुद्धा गेले नव्हते. तर या नानांनी संग्रहाचा सचित्र कॅटलॉग करायचं मनावर घेतलं. कॅटलॉग त्यांचा आणि चित्रं माझी, अशी वाटणी त्यांनीच केली.

माझ्या कॅमेऱ्यावर 18-55 ची किट लेन्स होती. वाढदिवस, सहल आणि सोसायटीचा गणपती एवढ्या प्रपंचाला ती पुरते. जास्तीत जास्त जवळ गेलं तर ती वस्तूच्या जेमतेम एक-तृतीयांश आकाराची प्रतिमा सेन्सरवर उमटवते. म्हणजे 25 मिलिमीटरचा आपला जुना स्टीलचा रुपया सेन्सरवर उतरतो आठ मिलिमीटरचा, आणि माझ्या सेन्सरची उंची साडेपंधरा मिलिमीटर. उरलेल्या जागेत काकूंच्या टेबलावरचं मेणकापड. नानांनी फोटो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि म्हणाले, "मेणकापड झकास आलंय. लेन्स बदल."

'लेन्स बदल' हे दोन शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याला कॅमेरा कंपन्यांनी तहहयात पेन्शन द्यायला हवी.

मुंबईला कामासाठी गेलो होतो, म्हणून फोर्टात बोरा बाजाराकडे वळलो. तिथे कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काय शूट करता सर? वेडिंग?"

"नाणी."

"म्हणजे?"

"कॉइन. जुनी नाणी."

त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने माझ्याकडे पाहिलं. मग पोराने खालून एक हातभर लांबीची 150-600 काढून काचेवर ठेवली. "सर, बर्डचं घ्या. सध्या सगळे बर्डचं घेतात. कॉइनमध्ये काय आहे?"

मी विचारलं, हिला जवळात जवळचं किती अंतरावरचं दिसतं? तो म्हणाला, पावणेतीन मीटर. नानांचा हॉल तेवढा लांब आहे, पण मध्ये सोफा येतो.

कॅमेरावाल्या मित्रांकडे सल्ला मागितला आणि एक गोष्ट ध्यानात आली. लेन्सचा सल्ला देणारा माणूस तुम्हाला काय हवंय ते ऐकत नसतो. आपण घेतलेली लेन्स किती योग्य होती, हे तो स्वतःला पुन्हा एकदा सांगत असतो. लग्नाचे फोटो काढणारा म्हणाला, 85 घे, पाठीमागचं काय सुंदर विरघळतं! नाण्याच्या पाठीमागे मेणकापड होतं. ते विरघळलं तर हवंच होतं, पण सोबत पंचम जॉर्जचा कानही विरघळत होता. किड्यांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या मित्राने मात्र छातीठोकपणे सांगितलं, "मॅक्रो घे, आणि 100 किंवा 105 चीच घे. 40 आणि 60 च्या मॅक्रो स्वस्त असतात, पण त्यांना अगदी नाकाला नाक लावावं लागतं. किडा पळतो."

"अरे, नाणं कुठे पळणार आहे?"

"तरी 105 च घे," तो म्हणाला.

त्याचं उत्तर बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. वस्तू आणि तिची प्रतिमा एकाच आकाराची, याला मॅक्रोवाले 'एकास एक' म्हणतात. 40 च्या लेन्सने एकास एक काढायचं तर लेन्सचं तोंड नाण्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर येतं. नाणं पळत नाही हे खरं, पण उजेड यायचा कुठून? लेन्सचीच सावली पडते आणि शिवराईला खग्रास ग्रहण लागतं. 100-105 च्या लेन्सला तेच काम टीचभर लांबून जमतं. त्या टीचभर फटीतून दिवा तिरका घालता येतो. नाण्याच्या फोटोत सगळी मौज त्या तिरकेपणात आहे.

फक्त किंमत अर्ध्या लाखाच्या पुढे होती. मी आकडा सांगितल्यावर नाना शांतपणे म्हणाले, "एवढ्यात होन येईल की रे." नानांच्या घरात किमती रुपयांत नव्हे, नाण्यांत मोजतात.

त्यांनी मग वही घेतली. रोखपालाला कुठलाही विषय बेरीज-वजाबाकीत आणल्याशिवाय झोप लागत नाही. सेन्सरची उंची भागिले नाण्याचा व्यास, एवढंच गणित. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरचा, म्हणजे निम्मा आकार पुरे. जुना स्टीलचा रुपया पंचविसाचा, त्याला शून्य दशांश सहा. शिवराई साधारण दोन सेंटिमीटरची, तिला पाऊण. आणि क्षत्रपांचं चांदीचं नाणं पंधराच्या आसपास, ते एकटंच खरं एकास एक मागतं. दक्षिणेतले सोन्याचे फनम तर वाटाण्याएवढे असतात. ते आपल्याकडे नाहीत म्हणून नानांनी पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. याउलट कुणी हौसेने भारीतला फुल-फ्रेम कॅमेरा घेतला तर त्याच्या सेन्सरची उंची 24 मिलिमीटर. म्हणजे लाखांचा कॅमेरा, वर एकास एकची लेन्स, आणि 25 मिलिमीटरचा रुपया त्यात मावतच नाही! नानांना हे फार आवडलं. तीन-चार दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

निष्कर्ष असा निघाला की आम्हाला मोठं करण्यापेक्षा नीट करणारी लेन्स हवी होती. नाणं सपाट असतं. साध्या लेन्सला सपाट वस्तूचं वावडं असतं. मधला भाग नेमका फोकसमध्ये आणते आणि कडेला ढिली पडते. माणसाच्या चेहऱ्यात ते खपून जातं, नाण्यात मात्र सगळी अक्षरं काठालाच बसलेली असतात. निकॉनने 1956 साली पहिली मायक्रो-निक्कोर काढली तीसुद्धा फुलपाखरांसाठी नव्हती. जपानी कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म करताना बारीक रेघांची अक्षरं कोपऱ्यात फिसकटायची, म्हणून ती जन्माला आली. सपाट कागद, सपाट फिल्म, आणि कोपऱ्यापर्यंत एकसारखी धार. मग मला आठवलं, की हेच काम इमानेइतबारे करणारी आणखी एक जात गावोगावच्या फोटो स्टुडिओत होती. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करणाऱ्या एनलार्जरची लेन्स.

आमच्या भागातला स्टुडिओ आता आधार कार्डाच्या झेरॉक्सवर आणि पासपोर्ट फोटोंवर चालतो. मालकांना सगळे बापू म्हणतात. डार्करूममध्ये त्यांनी आता गणपतीचं मखर, कूलर आणि नातवाची सायकल ठेवली आहे. त्या सगळ्याच्या मागे एनलार्जर उभा होता. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर सुतळी. बापूंनी गाठ सोडली नाही, नखाने उकलली, आणि सुतळीची गुंडी करून खिशात टाकली. आत 80 मिलिमीटरची एल-निक्कोर होती. 120 च्या फिल्मवर काढलेली चौकोनी लग्नं मोठी करायला घेतलेली. छिद्राचं कडं फिरवलं की अजून प्रत्येक आकड्यावर टिक् वाजत होतं. तिला फोकसची रिंग नाही, मोटर नाही, कॅमेऱ्याशी बोलायची तार नाही. काचा, एक कडं आणि मागे 39 मिलिमीटरच्या आट्या.

"यातून अर्ध्या पेठेची लग्नं गेलीत," बापू म्हणाले. "तुम्ही काय घालणार?"

"नाणी."

बापूंनी मान हलवली. "लग्नानंतर माणूस तिथेच येतो."

त्यांनी लेन्सबरोबर एनलार्जरही उचलायला लावला. मखराला जागा हवी होती. पैसे घेतले, पण असे की नानांच्या हिशेबात ती रक्कम फार तर दोन-तीन बऱ्या शिवरायांची झाली. वरचं डबडं काढून मी खांबावर कॅमेरा उलटा, खाली तोंड करून बसवला. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एक सेकंडहँड बेलोज, म्हणजे मागेपुढे होणारा कापडी भाता. भाता ताणला की नाणं मोठं, मिटला की लहान. फळी तीच, खांब तोच. आयुष्यभर वरून खाली उजेड पाठवत आलेलं ते यंत्र आता खालून वर उजेड घ्यायला लागलं. म्हातारपणी एवढा बदल फार कमी जणांना झेपतो.

लेन्सचा प्रश्न इथे मिटला असं वाटलं होतं. पण चांगली लेन्स आली की बाकी सगळ्यांचे दोष दिसायला लागतात. पहिला दोष पंख्याचा. तो लावला की खांब बारीक थरथरतो आणि राजाला दोन नाकं येतात. पंखा बंद. मग शेजारचा मिक्सर. त्यांची चटणी होईपर्यंत इतिहास थांबवायचा. कॅमेऱ्याचा आतला आरसा आधी उचलून ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, आणि त्या दोन सेकंदांत नानांनी खोकायचं नाही. छिद्र किती ठेवायचं यावर किडेवाल्याने फोनवर सांगितलं की 22 ठेव, सगळं धारदार येईल. येत नाही. इतक्या जवळून छिद्राचा आकडा जवळजवळ दुपटीने भरतो आणि बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो. आठवर ठेवलं तर सगळं सुतासारखं सरळ. फक्त तेव्हा फोकसची जाडी मिलिमीटरभरही उरत नाही, म्हणून नाणं आणि सेन्सर अगदी समांतर हवेत. त्याला एक सुरेख युक्ती आहे. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचं. लेन्सला आरशात आपलंच तोंड बरोबर मध्यभागी दिसलं, की सगळं जुळलं. नानांनी आरसा म्हणून काकूंची कुंकवाची पेटी आणली. पेटीच्या झाकणावरचा तो आरसा पुढे पंधरवडाभर परत गेला नाही आणि काकू देव्हाऱ्यातल्या समईत बघून कुंकू लावत होत्या, असं त्या पाहुण्यांना सांगतात.

मग चांदी. चांदीच्या गुळगुळीत नाण्याचा वरून फोटो काढला तर ते काळंठिक्कर येतं, कारण त्याला समोर लेन्सचं काळं भोक दिसत असतं आणि ते प्रामाणिकपणे तेच दाखवतं. त्यावर उपाय म्हणजे नाण्यावर पंचेचाळीस अंशात एक स्वच्छ काच तिरकी धरायची आणि दिवा बाजूने लावायचा. काच उजेड खाली नाण्यावर वळवते आणि लेन्स त्याच काचेतून आरपार बघते. स्वच्छ, पातळ, सपाट काच घरात एकच निघाली. नाना-काकूंच्या लग्नाच्या फोटोची फ्रेम.

"अहो, उघडा फोटो धुळीत पडेल की!"

"चाळीस वर्षं पडला होता काचेमागे," नाना म्हणाले, "आता जरा हवा लागू दे."

तो फोटोही मी नंतर त्याच खांबाखाली कॉपी केला. बापूंच्याच स्टुडिओतला निघाला. म्हणजे नाना-काकू या लेन्समधून एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर असे दोन्ही दिशांनी गेले आहेत.

आता खरा त्रास सुरू झाला. लेन्स चांगली निघाली.

पहिला बळी एका साध्या रुपयाचा. आपल्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. नानांकडे नोएडाचं एक नाणं होतं आणि त्या सालाचं नोएडाचं मिळत नाही म्हणून ते वेगळ्या पाकिटात मानाने राहत होतं. पडद्यावर ठिपका मोठा झाला. त्याला कड नव्हती. एका बाजूने तो जरा उचलल्यासारखा दिसत होता. मी ब्लोअरने फुंकर मारली. नोएडाचं नाणं कोलकात्याचं झालं.

नाना काही बोलले नाहीत. पाकीट मात्र बदललं.

दुसरं प्रकरण 1911 च्या रुपयाचं. पंचम जॉर्जच्या झग्यावर जी साखळी कोरली होती तिच्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावर इतका गहजब झाला की सरकारने तो रुपया मागे घेतला आणि 1912 च्या रुपयावर सोंड नीट दिसेल असा हत्ती बसवला. 1911 चा रुपया नानांनी भरपूर पैसे देऊन मिळवलेला. मी जमेल तेवढा भाता ताणला. एवढ्याशा जागेतला तो प्राणी पडद्यावर माझ्या तळहाताएवढा झाला, आणि तिथे झीज. चार गोल गुळगुळीत उंचवटे. काकूंना त्यात मांजर दिसलं. मला पाटा-वरवंटा. दुधाचे पैसे घ्यायला आलेल्या मुलाने बराच वेळ बघून सांगितलं, "हत्तीच आहे काका, ही काय सोंड." नाना चिडले. "हत्ती कसा असेल? डुकराचे पैसे मोजलेत मी!"

पण नहपानाने लाज राखली. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबीला एका ठेव्यात तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी क्षत्रप नहपानाच्या शिक्क्याची. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि ती नाणी वितळवण्याच्या भानगडीत न पडता सरळ त्यांच्यावरच आपला ठसा मारला. तीन कमानींची टेकडी एका बाजूला, उज्जैनी चिन्ह दुसऱ्या बाजूला. ठेव्यातली 9,270 नाणी अशी दुहेरी आहेत. खजिन्याचा खर्च वाचला आणि हरलेल्याच्या तोंडावर जिंकलेल्याची टेकडी बसली. रोखपाल म्हणून नानांना या राजाबद्दल विशेष आदर आहे. असं एक दुहेरी नाणं त्यांच्याकडे आहे. साध्या डोळ्यांना त्यावर टेकडी दिसते आणि बाकी खडबड.

आम्ही काच काढली, वरचे दिवे मालवले आणि एकच अभ्यासाचा दिवा टेबलाला जवळजवळ टेकवून डावीकडून लावला. नाना दिवा धरून बसले आणि मी पडद्याकडे बघत "थोडा खाली, अजून खाली" करत होतो. उजेड पुरेसा आडवा झाला, तेव्हा उजव्या कमानीच्या पायथ्याशी एक रेघ उठली. रेघेला वळण आलं. वळणाच्या खाली एक खाच. आणि टेकडीच्या खालून नहपानाचं अख्खं नाक बाहेर आलं. धारदार, मधे किंचित वाकलेलं, नाकपुडीसकट. वर अर्धा डोळा, त्याच्यावर सातकर्णीच्या टेकडीचा कोपरा थेट रुतलेला. जोगलथेंबीच्या नाण्यांवर नहपानाचे चेहरे काही एकसारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला, नाकंही निरनिराळी. पण हे नाक आमचं होतं. काकू पदराला हात पुसत येऊन बघून गेल्या. "किती वर्षांनी श्वास घेतोय बिचारा," म्हणाल्या. नानांनी त्या संध्याकाळी पंखा लावायलाही परवानगी दिली.

शिवरायांची पाळी शेवटी. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तांब्याचं, हाताने घण मारून पाडलेलं नाणं. त्यामुळे कुठलीही दोन शिवराया सारख्या नसतात. कुणाचं 'श्री' काठाबाहेर गेलेलं, कुणाच्या ठिपक्यांची माळ अर्धीच. नानांकडे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या दोन फार सुबक, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांकडून घेतलेल्या. मी त्यांचे फोटो शेजारी-शेजारी लावले. 'रा'च्या काठाला दोन्हींवर एक बारीकशी टोच होती. तोच आकार, तीच दिशा. मग काठाचा डावीकडचा चेपलेला भाग. तोही दोन्हींवर, त्याच जागी. घणाखाली जन्मलेल्या दोन नाण्यांना एकच जखम त्याच ठिकाणी होत नाही. साच्यातून ओतलेल्या दोन नाण्यांना मात्र हटकून होते. अजून मोठं केल्यावर अक्षरांच्या कुशीत हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकंही दिसली.

नाना बराच वेळ बघत होते. "यातलं एक खरं असेल," ते म्हणाले. "त्याच्यावरून दुसरं ओतलं."

"भोकं दोन्हींवर आहेत, नाना."

"याच्यावर कमी आहेत."

तेवढ्यात बेल वाजली. नानांचे जुन्या बाजारातले दोस्त अण्णा आपला डबा घेऊन आले होते. कॅटलॉगची बातमी त्यांनाही लागली होती. नानांचा चेहरा एकदम खुलला. "या, या अण्णा! याच्या लेन्सपुढे काही लपत नाही. काढ रे, अण्णांचे फोटो काढ. अगदी जवळून काढ."

अण्णांनी रुमालात गुंडाळलेलं पहिलंच नाणं फळीवर ठेवलं. "ही माझी सगळ्यात आवडती शिवराई. मुलीच्या लग्नात अडचण होती तरी विकली नाही." मी भाता ताणला, फोकस केला. 'श्री' आलं. 'राजा' आलं. 'रा'च्या काठाला एक बारीकशी टोच आली.

अण्णा खिशात चष्मा शोधत होते. नाना माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला आणि मोठ्याने म्हणाले, "जरा लांबून काढ रे. अख्खी दिसली पाहिजे."

मी भाता मिटला. अण्णांनी चष्मा चढवून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. "वा! काय उजळ आली आहे. पण नाना, अक्षरं अजून जवळून नाही का घेता यायची?"

"एनलार्जरची लेन्स आहे ना, जुनी झाली," नाना म्हणाले. "जवळचं दिसत नाही तिला आता."